मागे राहिलेलं घंगाळ

“टिपणीस, हे काय आहे?” कॅप्टन चौबळांनी विचारलं.

नागपूरच्या विमानतळावर सामानाच्या काट्यावर एक पितळी समई उभी होती, माझ्या छातीला लागेल एवढी. तिच्यामागे पाटा-वरवंटा, परातींची चळत, तांब्याचा बंब, गोणपाटात शिवलेले हंडे आणि एक भलंमोठं घंगाळ. त्यात तान्हं मूल आरामात पोहलं असतं.

“रुखवत असावं, सर.”

“ते मला दिसतंय. इथे काय करतंय?”

उत्तर द्यायला रुखवताचे मालक स्वतःच पुढे आले. डोक्यावर टोपी, कोसा रेशमाचा फेटा काखेत, कपाळावर घाम. वामनराव डाहाके, राहणार काटोल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, तेही आम्ही जाणार होतो त्याच शहरात. मालगाडी घसरल्यामुळे रेल्वे बंद पडली होती. तेव्हा गृहस्थांनी एकतीस माणसांची विमानाची तिकिटं काढली आणि आगगाडीत भरायचं ते सगळं सामान विमानतळावर आणून उतरवलं.

“अजी साहेब, एवढे भांडे घ्या न,” डाहाके म्हणाले.

“नाही जमणार. वजन जास्त होतंय.”

“रुखवत मांडलं नाई तं पोरीले जन्मभर आयकाव लागते, साहेब.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “तुमालेही पोरगी असंन.”

हे ऐकून कॅप्टन चौबळांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मी एकदम समईकडे पाहिलं. कारण त्यांना मुलगी होती. तिचं नाव हेमांगी. आणि त्याच संध्याकाळी सात वाजता माझे आईवडील त्याच शहरात चौबळांच्या घरी तिच्या-माझ्या लग्नाची बोलणी करायला जाणार होते.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या डिसेंबरातली गोष्ट. मी दख्खन एअरवेजमध्ये सहवैमानिक होतो. ही कंपनी पुढे बुडाली, त्यात माझा हात नाही. आम्ही ज्या शहरात उतरणार होतो त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून या प्रकरणावरून एकमेकांना चिडवतात. कॅप्टन चौबळ म्हणजे कंपनीतला सगळ्यात कडक माणूस. सत्तावीस वर्षांत एकदाही उशीर नाही, एकदाही चूक नाही आणि ऐकीव माहितीप्रमाणे एकदाही हसणं नाही. नेमकं त्याच दिवशी त्यांच्याबरोबर माझं नाव लागलं, तेव्हा हेमांगीने आदल्या दिवशी फोनवर मला बजावलं होतं.

“बाबांना उलट बोललेलं खपत नाही. उद्याचा दिवस फक्त ‘हो सर’ म्हण. एवढं तरी जमेल ना?”

“हो,” मी म्हणालो होतो.

विमानाच्या वजनाचं गणित सोपं असतं. माणसं, सामान आणि इंधन या तिघांचं मिळून एक वजन ठरलेलं असतं. त्यातलं एक वाढवायचं तर दुसरं कमी करावं लागतं. माणसं कमी होणार नव्हती. कॅप्टन चौबळांनी काट्यावरचा शेवटचा हंडा उतरेपर्यंत वाट पाहिली, खिशातून पेन काढलं, तळहातावर काहीतरी आकडेमोड केली आणि सत्तावीस वर्षांतली पहिली चूक केली.

“सगळं चढवा,” ते म्हणाले. “तेवढं इंधन कमी घेऊ. हवा स्वच्छ आहे.”

डाहाक्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. बाहेर इंधनाच्या गाडीवरच्या माणसाने नळी बंद करता करता विचारलं, “साहेब, आणखी तीनशे घेता का? वाटेत लागंन.” पंगतीतला वाढपी विचारतो तसं.

“पुरे,” कॅप्टन म्हणाले.

“थोडं तं घ्या.”

“पुरे म्हटलं ना!”

आपल्याकडे ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी एक पोळी सोडतोच. त्या भल्या माणसाने मात्र खरंच ऐकलं आणि नळी गुंडाळली. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल आणि वर पाऊण तास फिरता येईल एवढं जादा इंधन ठेवायचा नियम असतो. आमच्याकडे सगळं मिळून जेमतेम पंचवीस मिनिटांचं जादा होतं. मी तोंड उघडलं.

“काही म्हणालास?” कॅप्टननी विचारलं.

“नाही सर.”

उड्डाण झकास झालं. मागे वऱ्हाडाने गाणी सुरू केली. अर्ध्या वाटेवर डाहाके स्टीलचा डबा घेऊन आमच्या केबिनमध्ये शिरले. तेव्हा असं चालायचं.

“लाडू घ्या साहेब. घरच्या तुपातले.”

कॅप्टननी एक उचलला. डाहाक्यांनी दुसरा पुढे केला.

“एक पुरे.”

“एकानं काय होते? मुलीकडचा आग्रह आहे.”

“पुरे, डाहाके.”

डाहाके हिरमुसले. दुसरा लाडू त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि दाराला टेकून मन मोकळं केलं. “सगळं आलं, पण एक घोळ झाला पाहा. घंगाळांची जोडी होती. एक काटोलले ओसरीतच राह्यलं. मोटारीत चढवलंच नाई कोणी. बायको तेव्हापासून बोलून नाई राह्यली माह्याशी.”

“एका घंगाळाने काय बिघडतं?” मी म्हणालो.

“जोडी मोडली न, भाऊ!”

ते गेले. कॅप्टन कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, “मुलीच्या बापाचं अवघड असतं, टिपणीस.”

“हो सर.”

शहर दिसायला लागलं तेव्हा पाच वाजत आले होते. धावपट्टीच्या अलीकडे ज्वारीचं हिरवं रान, पलीकडे टेकडी आणि कडेला विमानतळाची बैठी इमारत. मी रेडिओवर उतरायची परवानगी मागितली. नियंत्रण कक्षातून फार नम्र आवाज आला. एक मंत्रिमहोदय विमानाने येत आहेत, ते उतरेपर्यंत विमानतळ बंद आहे, कृपया पंधरा मिनिटं घिरट्या घालाव्यात.

“घालू,” कॅप्टन म्हणाले.

“हो सर.”

आम्ही ज्वारीवरून वळलो, टेकडीवरून वळलो, पुन्हा ज्वारीवर आलो. खाली इमारतीसमोर तांबड्या रंगाची पट्टी दिसत होती. मंत्र्यांसाठी गालिचा घातला होता. पंधरा मिनिटं झाल्यावर आवाज आला की महोदय निघालेत पण पोचले नाहीत, आणखी दहा मिनिटं थांबावं. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन आता उरलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. कॅप्टनना ठाऊक आहे की नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

पाच वाजून दहा मिनिटांनी इंधनाचा पिवळा दिवा लागला.

कॅप्टननी त्याच्याकडे पाहिलं. मग इंधनाच्या काट्यावर नखाने टिचकी मारली. काटा हलला, तो खालीच.

“हा काटा नेहमी जरा कमीच दाखवतो,” ते म्हणाले.

“हो सर.”

हे लिहिताना मला आजही लाज वाटते. काटा कमी दाखवत नव्हता, तो अगदी बरोबर होता. करायची गोष्ट एकच होती. रेडिओवर तीनदा ‘मेडे’ म्हणायचं. जीव धोक्यात आहे असा त्याचा अर्थ जगभर होतो आणि तो शब्द ऐकला की मंत्र्याचं असो की राजाचं, बाकी प्रत्येक विमान बाजूला होतं. पण तो म्हणायचा मान कॅप्टनचा. ते हयात असताना, शेजारी बसलेले असताना मी तो म्हणणं म्हणजे भर विमानात त्यांच्या तोंडावर ‘तुम्ही चुकलात’ म्हणणं. आणि दोन तासांनी त्यांच्याच दिवाणखान्यात बसून त्यांची मुलगी मागणं.

म्हणून मी एक मध्यम मार्ग काढला. रेडिओवर म्हणालो, “शक्य असल्यास आम्हाला जरा लवकर उतरू दिलंत तर आभारी राहू.”

“नोंद घेतली आहे,” नम्र आवाज म्हणाला. “आपल्या सहकार्याबद्दल आम्हीच आभारी आहोत.”

अशी आभारांची देवाणघेवाण झाली आणि आम्ही पुन्हा टेकडीकडे वळलो. कॅप्टनचा हात एकदा माइककडे गेला आणि परत आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला, पुन्हा आला. त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. काटा आता आकड्यांच्या खाली उतरला होता.

तेवढ्यात दार उघडलं. डाहाके.

“साहेब, टेकडी चौथ्यांदा आली,” ते म्हणाले. “उतराले किती वेळ आहे? पोरीले हळद लावायची आहे. ती इचारून राह्यली, काही झालं तं नाई न?”

त्यांच्या मागे पहिल्या रांगेत नवरी बसली होती. हिरवी साडी, मांडीवर काकूचं पोर झोपलेलं. ती माझ्याकडेच पाहत होती. डोळे टपोरे आणि भलते हुशार.

“काही झालेलं नाही,” कॅप्टन म्हणाले. “होय ना, टिपणीस?”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. त्या मुलीने मान किंचित तिरकी केली. ‘खरं सांगा,’ असं विचारावं तशी.

“नाही सर,” मी म्हणालो आणि माइक उचलला. “मेडे, मेडे, मेडे. आमचं इंधन संपलं आहे. आम्ही आत्ता उतरतोय. सगळ्यांना बाजूला करा.”

मागचं गाणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. डाहाके टोपी सांभाळत मागे सरकले.

“तुला कोणी सांगितलं?” कॅप्टननी हळू आवाजात विचारलं.

“कोणी नाही सर.”

मला वाटलं, आता माझी नोकरी गेली, सोयरीक गेली, आणि हे सगळं बघायला मी जिवंत राहीन याचीही खात्री नाही. कॅप्टननी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. त्या नजरेत राग असावा असं मी तेव्हा ठरवून टाकलं. मग त्यांनी खांदे सैल केले आणि जसं विमान उडवलं, तसं मी पुढच्या तीस वर्षांत कोणाला उडवताना पाहिलं नाही. घिरटी तोडून, टेकडीच्या कुशीतून, मधले सगळे सोपस्कार गाळून त्यांनी विमान सरळ धावपट्टीकडे वळवलं. “चाकं,” म्हणाले, मी चाकं सोडली. “पट्टे आवळायला सांग,” म्हणाले, मी सांगितलं. वऱ्हाडाला ती नेहमीचीच सूचना वाटली आणि गाणं चालूच राहिलं.

ज्वारीवर आलो आणि उजवं इंजिन खोकून बंद पडलं. विमान एका बाजूला ओढायला लागलं. कॅप्टननी ते पायाने रेटून धरलं. ज्वारीची कणसं मोजता येतील इतकी जवळ आली. मी मनात आईचं नाव घेत होतो. मग रान संपलं, धावपट्टी सुरू झाली, आणि चाकं टेकली.

चाळीस सेकंदांनी डावं इंजिनही थांबलं. हा आकडा पुढे चौकशीत निघाला.

पुढची मौज मात्र कुठल्याही चौकशीच्या कागदात नाही. विमान घरंगळत, अजिबात आवाज न करता, धावपट्टीच्या कडेला वळलं आणि नेमकं तांबड्या गालिच्यासमोर जाऊन उभं राहिलं. नियंत्रण कक्षाने मंत्र्यांचं विमान टेकडीपलीकडे पिटाळलं होतं, पण स्वागत समितीला कोणी काही कळवलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी आलं ते मंत्र्यांचं विमान. सनई-चौघडा सुरू झाला. बँडने त्याच्यावर ताण केली. दार उघडलं तेव्हा पाच सुवासिनी तबकं घेऊन शिडीशी उभ्या होत्या, आणि उतरली ती हिरव्या साडीतली नवरी.

सुवासिनी गोंधळल्या. पण औक्षणाचं तबक हातात आणि समोर नवरी, मग बाईचा हात थांबतो होय? त्यांनी तिला ओवाळलं. कोणीतरी हार घातला. मागून वऱ्हाड, मागून समई.

डाहाक्यांचे डोळे भरून आले होते. शिडीवरून वळून त्यांनी मला आणि कॅप्टनना नमस्कार केला.

“पाह्यलं, साहेब? याले म्हणते व्याही! काय थाट केला!”

कोणीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मंत्री वीस मिनिटांनी उतरले, तोवर हार संपले होते.

कॅप्टन चौबळ माझ्याशी एक शब्द न बोलता कंपनीच्या खोलीत गेले, आतून कडी घातली आणि लिहीत बसले. दाराच्या काचेतून मला कागदाचा वरचा भाग दिसला. ‘सहवैमानिक टिपणीस यांनी माझ्या परवानगीवाचून’ एवढंच वाचता आलं. तेवढं पुरेसं होतं. आईवडिलांना अडवायला फोन शोधला, तर ते हॉटेलवरून निघाले होते.

सात वाजता आम्ही चौबळांच्या दिवाणखान्यात बसलो. आई पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून, आप्पा कोटाची बटणं चाचपत. हेमांगी दारात उभी राहून भुवयांनी ‘कसं झालं?’ विचारत होती आणि मी भुवयांनी ‘सगळं आटोपलं’ सांगत होतो. तिने त्याचा उलटा अर्थ घेतला आणि खुशीत पोहे आणायला गेली.

कॅप्टन साडेसातला आले. गणवेश तसाच. ते बसले नाहीत.

“टिपणीससाहेब,” ते माझ्या वडिलांना म्हणाले, “बोलण्याआधी एक सांगायचं आहे. आज माझ्या हातून मोठी चूक झाली. मी इंधन कमी घेतलं आणि ते संपायला आलं तरी गप्प बसलो. तुमचा मुलगा बोलला म्हणून आम्ही सगळे इथे आहोत. मी तसं लेखी दिलंय.”

“होतं असं कधीकधी,” आप्पा म्हणाले. जसं काही कॅप्टननी चहात मीठ घातलं होतं.

“नाही होत. मी सत्तावीस वर्षं विमान चालवतोय. शेजारी दुसरा कोणी असता तर दिवा लागला त्याच मिनिटाला मेडे म्हणालो असतो. दोनदा माइककडे हात गेला माझा.” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पण शेजारी हा. मुलाकडचा माणूस. आज संध्याकाळी तुम्ही येणार. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांसमोर आपण चुकलो असं कसं म्हणायचं, हे मला कळेना.”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“सर,” मी म्हणालो, “मीही बारा मिनिटं गप्प होतो. तुम्ही सासरे होणार म्हणून.”

चव्वेचाळीस प्रवासी हवेत टांगलेले, आणि आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो होतो. आधी आई हसली, तोंडाला पदर लावून. मग हेमांगी. मग कॅप्टन चौबळ खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

“याला ‘हो सर’ म्हणायला मीच सांगितलं होतं,” हेमांगी म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

लग्न ठरलं. कॅप्टनचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, मला बारा मिनिटांबद्दल लेखी समज मिळाली. दोन्ही शिक्षा रास्त होत्या.

मे महिन्यात आमचं लग्न लागलं. डाहाक्यांना आमंत्रण होतंच. ते काटोलहून आले, बायकोसकट, आणि दोन माणसांकडून काहीतरी जड उचलून आणून त्यांनी कॅप्टनच्या पायाशी ठेवलं.

“हे तेच, साहेब. ओसरीत राह्यलं होतं ते. जोडी मोडलीच होती, म्हटलं तुमच्या पोरीले देऊ.”

पितळी घंगाळ उन्हात झगझगत होतं. कॅप्टननी ते एका हाताने उचलून पाहिलं, उचलेना. मग काय मनात आलं कोण जाणे, आचाऱ्याचा तांदूळ तोलायचा काटा मागवला आणि घंगाळ त्यावर चढवलं.

“एकोणीस किलो,” ते म्हणाले. लग्नाच्या पत्रिकेच्या उलट बाजूला त्यांनी काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग पत्रिका माझ्या हातात दिली.

मी पाहिलं आणि मुंडावळ्यांखाली माझ्या अंगावर काटा आला. नागपूरच्या काट्यावर जेवढं सामान चढलं होतं, तेवढंच इंधन आम्ही कमी घेतलं होतं. हे घंगाळ त्या दिवशी तिथे चढलं असतं तर आणखी एकोणीस किलो कमी घेतलं असतं. एकोणीस किलो म्हणजे दीड मिनिट. आणि चाकं टेकल्यावर आमच्याकडे उरली होती चाळीस सेकंदं.

पत्रिकेवर आकड्यांच्या खाली त्यांनी एकच शब्द लिहिला होता: ज्वारी.

“काय मांडून राह्यले, साहेब?” डाहाक्यांनी विचारलं. त्यांच्या हातात तोच स्टीलचा डबा होता. “काही कमी पडलं काय?”

कॅप्टननी डाहाक्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“नाही,” ते शेवटी म्हणाले. “लाडू आहेत का घरच्या तुपातले?”

डाहाक्यांनी एक दिला. दुसरा दिला. बिचकत बिचकत तिसरा पुढे केला, आणि कॅप्टन चौबळांनी तोही घेतला.